हर्षल ग्रह: नाव कुठून आलं, पुराणकथा काय सांगते आणि ज्योतिषात त्याला 'उलथापालथीचा ग्रह' का म्हणतात?

साप्ताहिक राशिभविष्यात 'रवी-हर्षल केंद्रयोग' किंवा 'मंगळ-हर्षल युती' असे शब्द दिसले की पुढे काय लिहिलेलं असेल, याचा अंदाज नेहमीच्या वाचकाला असतो. अचानक घडामोडी, अनपेक्षित खर्च, वाहन जपून चालवा, तडकाफडकी निर्णय नको. हर्षल म्हणजे धक्का, हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात पक्कं बसलेलं आहे. हर्षल राशी बदलणार असला की सोशल मीडियावर 'पुढची सात वर्षं जगात मोठी उलथापालथ' अशा पोस्ट फिरू लागतात.

पण नवग्रहस्तोत्रात हर्षल नाही. आठवड्यातला एकही वार त्याच्या नावाचा नाही. वराहमिहिराच्या ग्रंथांत तो नाही आणि ग्रीक ज्योतिषाचा पाया घालणाऱ्या टॉलेमीच्या ग्रंथातही नाही. असण्याचं कारणही नाही, कारण १७८१ पर्यंत हा ग्रह आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

मग ज्या ग्रहाला प्राचीन परंपराच नाही, त्याला हा 'अर्थ' कुणी दिला? तो त्याच्या पुराणकथेतून आला का? की दुसरीकडूनच?

हर्षल म्हणजे नेमका कोणता ग्रह?

हर्षल म्हणजेच युरेनस, सूर्यापासून सातवा ग्रह. सूर्यापासून त्याचं सरासरी अंतर सुमारे २८७ कोटी किलोमीटर आहे, म्हणजे पृथ्वीच्या अंतराच्या १९ पटींहून थोडं जास्त. सूर्यप्रकाशाला तिथे पोहोचायला जवळपास दोन तास चाळीस मिनिटं लागतात. त्याचा व्यास पृथ्वीच्या चौपट आहे आणि वातावरणातल्या मिथेन वायूमुळे तो निळसर हिरवा दिसतो.

सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला त्याला ८४ वर्षं लागतात. म्हणजे बऱ्याच माणसांच्या आयुष्यात त्याची एक फेरीही पुरती होत नाही.

त्याचं सगळ्यात वेगळं वैशिष्ट्य म्हणजे तो जवळजवळ आडवा पडून फिरतो. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, तर हर्षलचा सुमारे ९८ अंशांनी. त्यामुळे त्याच्या ध्रुवांवर ४२ वर्षं दिवस आणि ४२ वर्षं रात्र असते. त्याला कडीही आहेत. १० मार्च १९७७ रोजी हा ग्रह एका ताऱ्यासमोरून सरकत असताना ती लक्षात आली. आतापर्यंत त्याच्याजवळून एकच यान गेलं आहे, २४ जानेवारी १९८६ रोजी गेलेलं व्हॉयेजर-२.

एका संगीतकाराला तो कसा सापडला?

विल्यम हर्शेल यांचा जन्म १७३८ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर इथे झाला. तरुणपणी ते इंग्लंडमध्ये आले आणि बाथ शहरात ऑर्गनवादक आणि संगीतशिक्षक म्हणून स्थिरावले. खगोलशास्त्र हा त्यांचा छंद. दुर्बिणीचे आरसे ते स्वतः घासून तयार करत. या कामात बहीण कॅरोलाइन त्यांना मदत करत असे. पुढे कॅरोलाइन यांनीही अनेक धूमकेतू शोधले.

१३ मार्च १७८१ च्या रात्री बाथमधल्या आपल्या घराच्या बागेतून हर्शेल आकाशाचं निरीक्षण करत होते. वृषभ आणि मिथुन यांच्या सीमेजवळ त्यांना एक 'तारा' दिसला, पण तो बिंदूसारखा नव्हता, छोट्या चकतीसारखा होता. काही दिवसांनी पाहिलं तर तो जागचा हलला होता. हर्शेल यांना वाटलं, हा धूमकेतू असावा, आणि त्यांनी तसंच कळवलं. नंतर आंद्रेस लेक्सेल आणि इतरांनी त्याची कक्षा मांडली, तेव्हा ती जवळपास वर्तुळाकार निघाली. धूमकेतू असा फिरत नाही. तो ग्रह होता.

त्याआधी तो कुणाच्याच नजरेला पडला नव्हता, असं मात्र नाही. अगदी काळोख्या आकाशात हर्षल नुसत्या डोळ्यांनाही जेमतेम दिसू शकतो. जॉन फ्लॅमस्टीड यांनी १६९० मध्ये त्याची नोंद केली होती, पण वृषभेतला ३४ क्रमांकाचा तारा म्हणून. फ्रान्सच्या पिएर लमोनिए यांनीही तो अनेकदा टिपला होता. दिसत सगळ्यांना होता, पण ग्रह म्हणून कुणी ओळखला नव्हता. शनीपलीकडे आणखी काही असेल, अशी अपेक्षाच नव्हती.

राजाचं नाव, देवाचं नाव आणि संशोधकाचं नाव

आता नव्या ग्रहाला नाव काय द्यायचं?

हर्शेल यांनी इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांच्यावरून 'जॉर्जचा तारा' असं लॅटिन नाव सुचवलं. राजाने त्यांना वर्षाला २०० पौंडांचं मानधन दिलं आणि हर्शेल यांचा संगीताचा व्यवसाय सुटला. पण इंग्लंडच्या राजाचं नाव युरोपातल्या इतर देशांना कसं रुचणार? फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांद यांनी शोधकर्त्याचंच नाव द्यावं असं म्हटलं. ग्रहाचं एक चिन्ह आजही वापरात आहे, त्यात एका गोलावर इंग्रजी 'एच' अक्षर आहे. ते हर्शेलचं आद्याक्षर.

जर्मनीच्या योहान बोडे यांनी तिसरा पर्याय मांडला. रोमन पुराणांनुसार गुरू म्हणजे ज्युपिटर, आणि त्याचा बाप शनी म्हणजे सॅटर्न. मग शनीच्या पलीकडच्या ग्रहाला शनीच्या बापाचं नाव द्यावं. तो बाप म्हणजे आकाशदेव युरेनस. हे नाव हळूहळू सर्वमान्य झालं. १७८९ मध्ये क्लापरोट यांनी नव्या मूलद्रव्याला युरेनियम हे नाव दिलं ते या ग्रहावरूनच. ब्रिटिशांच्या सरकारी नाविक पंचांगाने मात्र राजाचं नाव १८५० पर्यंत सोडलं नाही.

इंग्रजी ज्योतिषी बराच काळ 'हर्शेल' हेच नाव वापरत होते. मराठीत तेच 'हर्षल' होऊन रुजलं. जगात इतरत्र संशोधकाचं नाव मागे पडलं, पण मराठी पंचांगात आणि राशिभविष्यात ते आजही रोजच्या वापरात आहे. 'हर्ष' या शब्दाशी ते इतकं जुळतं की अनेकांना ते संस्कृत नाव वाटतं. महाराष्ट्रात मुलांची नावंही हर्षल असतात.

हिंदीत याच ग्रहाला 'अरुण' म्हणतात. अरुण हा सूर्याचा सारथी. 'युरेनस'शी त्याचा उच्चार थोडा जुळतो, पण कथा अजिबात जुळत नाही. मराठी खगोलविषयक लेखनात 'प्रजापती' हे नावही वापरलं गेलं आहे.

युरेनसची पुराणकथा काय आहे?

ग्रीक कवी हेसिअड याने इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास देवांच्या वंशावळीचं काव्य रचलं. युरेनसची कथा मुख्यतः तिथून येते.

सुरुवातीला पृथ्वी म्हणजे गाया होती. तिने स्वतःच्या पोटून आकाशाला, म्हणजे युरेनसला जन्म दिला, आपल्याला सगळीकडून झाकणारा तो असावा म्हणून. मग आकाश आणि पृथ्वी यांच्यापासून संतती झाली. बारा टायटन, कपाळावर एकच डोळा असलेले तीन सायक्लोप्स आणि शंभर हातांचे तीन राक्षस.

युरेनसला आपली मुलं नकोशी होती. जन्मलेल्या मुलांना तो उजेड पाहू देत नसे, परत पृथ्वीच्या पोटात कोंडून ठेवत असे. वेदनांनी कासावीस झालेल्या गायाने एक अभेद्य विळा घडवला आणि मुलांना विचारलं, बापाला शिक्षा कोण करेल? सगळे घाबरले. धाकटा क्रोनस तेवढा पुढे आला. रात्र घेऊन आकाश पृथ्वीवर झुकलं, तेव्हा दडून बसलेल्या क्रोनसने विळ्याने बापाचं जननेंद्रिय कापून समुद्रात फेकलं.

पृथ्वीवर सांडलेल्या रक्तातून सूडाच्या देवता आणि राक्षस जन्मले. समुद्रात उसळलेल्या फेसातून सौंदर्याची देवी ॲफ्रोडाइटी प्रकटली. आकाश आणि पृथ्वी कायमचे वेगळे झाले आणि क्रोनस राजा झाला. पण 'तुझंही मूल तुला असंच पदच्युत करील' असं भाकीत त्याला ऐकावं लागलं. म्हणून तो आपली मुलं गिळू लागला. त्यातून वाचलेल्या झ्यूसने शेवटी त्याला हटवलं.

ही कथा फक्त ग्रीकांचीच नाही. आजच्या तुर्कस्तानात हित्ती साम्राज्याच्या राजधानीत सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर तिच्यासारखीच एक जुनी कथा आहे. तिथे कुमारबी हा देव आकाशदेव अनू याचं जननेंद्रिय दातांनी तोडतो आणि पुढे वादळाचा देव कुमारबीवर मात करतो.

भारतीय पुराणांशी याचा काही संबंध आहे का?

कथेच्या पातळीवर संबंध फार कमी आहे. बोडे यांनी ज्या वंशावळीवरून नाव दिलं, ती भारतात लागूच पडत नाही. आपल्याकडे शनी हा सूर्य आणि छाया यांचा मुलगा. गुरू म्हणजे देवांचा आचार्य बृहस्पती. शनी हा गुरूचा बाप नाही. त्यामुळे 'शनीचा बाप' ही जागाच भारतीय ग्रहकथेत रिकामी नाही.

भाषेच्या पातळीवर मात्र एक धागा आहे. एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांनी युरेनस आणि वैदिक वरुण ही एकाच मूळ देवाची रूपं मानली. आता भाषाशास्त्रज्ञांचा कल वेगळ्या व्युत्पत्तीकडे आहे. ग्रीक 'ऊरानोस' हा शब्द 'पाऊस पाडणारा' अशा अर्थाच्या जुन्या रूपापासून आला असावा आणि त्याचं नातं संस्कृत 'वृष्', 'वर्षा' या शब्दांशी असावं, असं मानलं जातं. आपला 'पाऊस' हा शब्दही त्याच 'वृष्' धातूच्या 'प्रावृष' या शब्दापासून आला आहे.

'प्रजापती' या नावाशीही एका जखमी बापाची कथा जोडलेली आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती स्वतःच्या कन्येची अभिलाषा धरतो आणि हरणाचं रूप घेऊन तिच्यामागे धावतो. देव संतापतात आणि त्याला बाण मारला जातो. तेच आकाशातलं मृग नक्षत्र, बाण मारणारा तो व्याध आणि कन्या म्हणजे रोहिणी. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण महाराष्ट्रात आजही आजोबा नातवंडांना दाखवतात. मर्यादा ओलांडणाऱ्या पित्याला शिक्षा होते, एवढा धागा दोन्ही कथांत समान आहे.

कथा एक, ज्योतिषातला अर्थ दुसराच

आता खरी गंमत इथे आहे. पाश्चात्त्य ज्योतिषात युरेनसचे कारकत्व म्हणजे बंड, स्वातंत्र्य, अचानक बदल, नवे शोध, वीज, विमानं, संगणक, चाकोरीबाहेरची माणसं. मराठी ज्योतिषी हर्षलचे जे गुण सांगतात तेही हेच.

पण पुराणातला युरेनस बंडखोर आहे का? नाही. तो सत्ता सोडायला तयार नसलेला बाप आहे. नव्याला तो जन्मूच देत नाही. बंड करतो तो क्रोनस, म्हणजेच शनी. आणि ज्योतिषात शनी हा शिस्त, विलंब आणि जुन्या व्यवस्थेचा ग्रह मानला जातो. म्हणजे कथेत जो दडपणारा, तो ज्योतिषात क्रांतिकारक, आणि कथेत ज्याने विळा उचलला, तो ज्योतिषात परंपरेचा रखवालदार.

ही विसंगती ज्योतिषाच्या समर्थकांनाही जाणवली आहे. अमेरिकन विचारवंत रिचर्ड टार्नस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात म्हटलं की या ग्रहाचे ज्योतिषी गुण युरेनसपेक्षा प्रोमिथियसशी जुळतात. प्रोमिथियस म्हणजे देवांकडून अग्नी चोरून माणसाला देणारा. थोडक्यात, ग्रहाला नाव चुकीच्या देवाचं लागलं, असं त्यांचं म्हणणं.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हर्षलचा ज्योतिषी अर्थ त्याच्या पुराणकथेतून आलेला नाही. मराठीत तर ती कथा ग्रहासोबत आलीच नाही. आपल्याकडे नाव आलं संशोधकाचं आणि अर्थ आला इंग्रजी ज्योतिषातून.

मग अर्थ आला कुठून?

एक मोठा स्रोत म्हणजे शोधाचा काळ. १७७६ मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये माणूस बलूनमधून आकाशात गेला. जेम्स वॉट यांचं वाफेचं इंजिन कारखान्यांत पोहोचत होतं. गॅल्व्हानी बेडकाच्या पायांवर विजेचे प्रयोग करत होते. या सगळ्याच्या मधोमध नवा ग्रह सापडला. क्रांती, यंत्र, वीज, उड्डाण हे त्याचे 'गुण' त्या दशकांच्या बातम्यांतून आल्यासारखे दिसतात.

दुसरा स्रोत शोधाची रीत. हजारो वर्षं सात ग्रहांची मांडणी पक्की होती. एका छंदिष्ट माणसाने स्वतः बनवलेल्या दुर्बिणीने ती मोडली. म्हणून 'अनपेक्षित' आणि 'चाकोरीबाहेरचा'. आडव्या अक्षाचा दाखलाही आजचे ज्योतिषी याच अर्थाने देतात.

तिसरा स्रोत ज्योतिषांचे स्वतःचे अनुभव आणि तर्क. इंग्लिश चित्रकार जॉन व्हार्ली हे हौशी ज्योतिषी होते. त्यांच्या घराण्यात एक किस्सा सांगितला जायचा. १८२५ मध्ये एके दिवशी दुपारी युरेनसमुळे आपल्यावर काहीतरी संकट येणार, असं त्यांनी गणित मांडलं होतं. ठरलेल्या वेळी घराला आग लागली. व्हार्ली यांचं मोठं नुकसान झालं, पण युरेनसचा प्रभाव कळला या आनंदात ते टिपणं काढत बसले! किस्सा खरा असो वा रंगवलेला, नव्या ग्रहाचे गुण कसे जमा होत गेले याची कल्पना त्यावरून येते. घटना आधी घडायची आणि ती ग्रहाच्या खात्यात नंतर मांडली जायची.

भारतीय ज्योतिषात हर्षलचं स्थान काय?

पारंपरिक भारतीय ज्योतिषात नऊ ग्रह आहेत. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि राहू-केतू. ही चौकट हर्षलशिवाय पूर्ण आहे.

- राशीचं स्वामित्व: जुन्या पद्धतीत रवी आणि चंद्राला एकेक रास आणि उरलेल्या पाच ग्रहांना दोन-दोन राशी आहेत. पाश्चात्त्य ज्योतिषांनी ही समप्रमाण मांडणी बदलून कुंभ रास युरेनसला दिली. भारतीय पद्धतीत कुंभेचा स्वामी शनीच आहे.
- महादशा: १२० वर्षांच्या विंशोत्तरी दशेत हर्षलची दशा नाही.
- जुने ग्रंथ: त्याची उच्च-नीच रास, मित्र-शत्रू ग्रह, शांती, रत्न किंवा स्तोत्र यांबद्दल प्राचीन ग्रंथांत काहीही नाही. 'हर्षलशांती' किंवा 'हर्षलचं रत्न' सुचवणाऱ्या पोस्टला ग्रंथाधार सापडणार नाही.

तरीही अनेक मराठी पंचांगांत हर्षल, नेपच्यून आणि प्लुटो यांची स्थिती दिलेली असते. काही ज्योतिषी त्यांना अजिबात विचारात घेत नाहीत. काही जण फक्त रवी, चंद्र, मंगळ यांच्याशी होणारे योग पाहतात. सप्तमात हर्षल असेल तर वेगळ्या वळणाचा विवाह, दशमात असेल तर नोकरी-व्यवसायात अचानक बदल, अशी फळं सांगितली जातात. परंपरा या ग्रहाबद्दल गप्प असल्याने ज्याची त्याची रीत वेगळी.

पोस्ट वाचताना उपयोगी पडेल असं गणित

हर्षलबद्दलचे बरेच दावे साध्या आकडेमोडीने तपासता येतात.

तो एका राशीत सुमारे सात वर्षं असतो. शाळेच्या एका वर्गातल्या बहुतेक सगळ्या मुलांचा हर्षल एकाच राशीत असतो. त्यामुळे 'तुमचा हर्षल अमुक राशीत आहे, म्हणून तुम्ही बंडखोर' हे विधान त्या सात वर्षांत जन्मलेल्या कोट्यवधी लोकांना एकाच वेळी लागू होतं.

तो दरवर्षी वक्री होतो. पृथ्वीच्या स्वतःच्या गतीमुळे हर्षल वर्षातले सुमारे पाच महिने मागे जाताना दिसतो. 'हर्षल वक्री, सावधान' ही बातमी दरवर्षी देता येते.

रवी-हर्षल योग दुर्मीळ नाहीत. रवी वर्षभरात सगळ्या राशींतून फिरतो. म्हणून त्याची हर्षलशी युती वर्षातून एकदा, प्रतियोग एकदा आणि केंद्रयोग दोनदा होतो. चंद्राची युती तर साधारण २७ दिवसांनी होते. आणि हे योग आकाशात सगळ्यांसाठी एकाच वेळी होतात.

रास कोणत्या पद्धतीने सांगितली आहे ते पाहावं. पाश्चात्त्य ज्योतिष सायन राशी वापरतं, आपली पंचांगं निरयन. दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे. ७ जुलै २०२५ रोजी 'युरेनस मिथुनेत' अशा इंग्रजी पोस्ट फिरल्या, तेव्हा निरयन पद्धतीने हर्षल वृषभेच्या सुरुवातीच्या अंशांतच होता आणि तिथे त्याचा मुक्काम आणखी काही वर्षं आहे. इंग्रजी पोस्ट भाषांतर करून मराठी राशींना लावली, तर भाकीत सुरुवातीपासूनच भलत्या राशीला लागतं.

इतिहासाशी जुळणारे दाखले निवडलेले असतात. युरेनस सायन मिथुनेत असताना अमेरिकेत मोठी युद्धं होतात, असा दावा खूप पसरतो. स्वातंत्र्ययुद्ध, यादवी युद्ध आणि दुसरं महायुद्ध असे तीन दाखले त्यासाठी दिले जातात. तारखा बऱ्याच अंशी जुळतात हे खरं. पण पहिलं महायुद्ध आणि १९१७ ची रशियन क्रांती झाली तेव्हा युरेनस सायन कुंभेत होता, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी सिंहेत. सात वर्षांच्या कुठल्याही कालखंडात जगात कुठेतरी मोठी उलथापालथ सापडतेच.

कुंडलीच्या दाव्यांची शास्त्रीय चाचणी महाराष्ट्रातही झाली आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं अशा दोन गटांच्या २०० कुंडल्या जमवल्या. भाग घेतलेल्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के होतं. नाणं उडवून उत्तरं दिली असती तर साधारण ५० टक्के बरोबर आली असती. २००९ मध्ये हे निष्कर्ष 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

हर्षलने खरी उलथापालथ कुठे केली?

खगोलशास्त्रात. एका रात्रीत माणसाला ठाऊक असलेल्या सूर्यमालेचा विस्तार दुप्पट झाला, कारण हर्षल शनीच्या दुप्पट अंतरावर आहे.

पुढचा धक्का त्याहून मोठा होता. गणिताने सांगितलेल्या जागी हर्षल सापडेना. तो थोडा इकडेतिकडे भरकटत होता. त्याला आणखी पलीकडचा एखादा ग्रह ओढत असला पाहिजे, असं गृहीत धरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी त्या अज्ञात ग्रहाची जागा कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले यांनी तिथे दुर्बीण वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. आकाशात न पाहता आकडेमोडीतून शोधलेला हा पहिला ग्रह.

या शोधयात्रेत एक मराठी माणूसही आहे. ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचा अंदाज मांडला आणि त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावं दिली. ब्रह्माचं अंतर त्यांनी पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४२ वर्षं काढला. १९३० मध्ये प्लुटो सापडला तेव्हा त्याचं अंतर साडेएकोणचाळीस पट आणि फेरी २४८ वर्षांची निघाली. आकडे जवळचे होते, पण ग्रह आकाशात कुठे सापडेल हे केतकरांनी सांगितलं नव्हतं आणि त्यांचा विष्णू कधीच सापडला नाही. त्यामुळे याला शोध म्हणता येत नाही. पण अंदाज आकड्यांत मांडलेला होता, म्हणून तो कुठे बरोबर आला आणि कुठे चुकला हे आज नेमकं सांगता येतं. 'अचानक काहीतरी घडेल' या भाकिताबद्दल तसं सांगता येत नाही.

हर्षल पाहता येतो का?

हो. सध्या हर्षल वृषभ तारकासमूहात, कृत्तिकांच्या परिसरात आहे. शहराच्या दिव्यांपासून दूर, अमावास्येच्या आसपासच्या हिवाळी रात्री, आकाशाचा नकाशा आणि साधी द्विनेत्री दुर्बीण घेऊन शोधलं तर एक फिकट, निळसर हिरवट ठिपका दिसतो. तारा म्हणून सहज नजरेआड होईल असा. फ्लॅमस्टीड यांच्या बाबतीत तेच झालं होतं. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर तो किंचित सरकलेला दिसतो, आणि हा तारा नाही हे तेवढ्यावरून ओळखता येतं.